मी संसदभवन पाहिले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. आजवर मंडळात मी पोळ्या लाटल्या, रांगोळ्या घातल्या, सतरंज्या उचलल्या. पण माइकपुढे कधी उभी राहिले नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही दिल्लीचे संसदभवन पाहून आलात, त्यावरच चार शब्द बोला." मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मी राजकारणावर काय बोलणार? त्या म्हणाल्या, "राजकारण नको. जे पाहिले ते सांगा." तेव्हा जे पाहिले ते सांगते, आणि त्यामुळे माझ्या घरात जे घडले तेही सांगते. बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

आमचे धाकटे भाऊजी नोकरीनिमित्त दिल्लीला असतात. २०२४ साली नवरात्र आटोपल्यावर आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. जाण्याचे दोन हेतू होते. एक दिल्ली पाहणे आणि दुसरा माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नाची थोडी खरेदी करणे. लग्न ठरले होते. देण्याघेण्याची बैठक दिवाळीनंतर व्हायची होती. कल्याणला आम्ही पंजाब मेल धरली. गाडीत वेळ जाईना, म्हणून मी मुलीकडच्यांना सांगायच्या गोष्टींची एक यादी लिहून काढली आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. त्या यादीत काय होते ते पुढे सांगते.

संसदेत आपल्यासारख्यांना उठून असेच जाता येत नाही. खासदारांच्या शिफारशीचे पत्र लागते, ओळखपत्र लागते. ते सारे भाऊजींनी आधीच करून ठेवले होते. दारावर तपासणी फार कडक. मोबाइल, पर्स, पाण्याची बाटली, सगळे तिथे ठेवायचे आणि बदल्यात एक बिल्ला घ्यायचा. जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, रुमालसुद्धा हातात धरा, नाहीतर तोही ठेवून घेतील." आम्ही हसलो. पण हाती पर्स नाही म्हटल्यावर मला उगीचच चुकल्यासारखे वाटत होते.

तिथे आता दोन इमारती आहेत. जुनी गोल आणि नवी त्रिकोणी. गोल इमारत आपण लहानपणापासून पुस्तकांत पाहिलेली. तिची कोनशिला १९२१ साली बसली आणि १९२७ च्या जानेवारीत उद्घाटन झाले. लुट्येन्स आणि बेकर या इंग्रज साहेबांनी तिचे नकाशे काढले. खर्च आला त्या काळचे ८३ लाख रुपये. बाहेरून १४४ दगडी खांब आहेत, प्रत्येक २७ फूट उंच. इमारत केवढी मोठी, तर आपल्या बारा डब्यांच्या दोन लोकल एकीमागे एक तिच्याभोवती लावल्या तर जवळजवळ एक फेरी पूर्ण होईल. खांबांच्या सावलीतून चालताना मला एखाद्या मोठ्या देवळाच्या प्रदक्षिणेची आठवण झाली. नकळत पायांतल्या चपलांकडे लक्ष गेले.

१९ सप्टेंबर २०२३ रोजी कामकाज नव्या इमारतीत गेले आणि या जुन्या वास्तूला 'संविधान सदन' असे नाव मिळाले. त्या दिवशी अधिवेशन नव्हते, त्यामुळे सगळीकडे शांत होते. आम्हांला सर्व दाखवायला तिथली एक कर्मचारी मुलगी होती. वय असेल पंचविशीचे. हिंदी बोलायची, पण इतके स्वच्छ की मला एकही शब्द अडला नाही.

आधी तिने आम्हांला जुनी लोकसभा दाखवली. हिरव्या रंगाची बाके, समोर अध्यक्षांची उंच खुर्ची. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर या खुर्चीवर बसले. ते आपले मराठी, अहमदाबादेत स्थायिक झालेले. पुढे शिवराज पाटील, मनोहर जोशी आणि चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्राताई महाजन हेही अध्यक्ष झाले. इंग्रजांच्या वेळी याच सभागृहात ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकला होता. कोणाला मारायला नव्हे, बहिऱ्या सरकारच्या कानांवर जावे म्हणून. प्रेक्षकांच्या सज्जाकडे मी किती वेळ बघत राहिले.

मग आम्ही मध्यवर्ती सभागृहात गेलो. वर भलामोठा घुमट, त्याचा व्यास ९८ फूट. पण मला आधी दिसले ते पंखे. आपल्या घरी पंखे छताला टांगलेले असतात. तिथे ते जमिनीपासून उभ्या खांबांवर बसवलेले आहेत, उलटे. घुमट इतका उंच की वरून पंखे टांगणार तरी कसे? भिंतींवर थोरांच्या तसबिरी आहेत. लोकमान्य दिसले, बाबासाहेब दिसले, सरोजिनी नायडू दिसल्या. मनातल्या मनात नमस्कार केला.

त्या मुलीने सांगितले की घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी इथेच भरली. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री स्वातंत्र्य आले ते इथेच. आणि त्या रात्री देशाचा पहिला राष्ट्रध्वज भारतातील स्त्रियांच्या वतीने सभागृहाला अर्पण केला तो हंसाबेन मेहतांनी. त्या मुंबई प्रांतातून निवडून गेलेल्या होत्या, म्हणजे आपल्याकडच्याच म्हणायच्या. घटना समितीत पंधरा स्त्रिया होत्या. याच हंसाबेन पुढे संयुक्त राष्ट्रसंघात गेल्या. मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. त्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचे इंग्रजी शब्द होते, ते बदलून 'सर्व माणसे' असे करा असा आग्रह त्यांनी धरला, आणि १९४८ साली तो जाहीरनामा तसाच मंजूर झाला. एका शब्दासाठी एक बाई जगापुढे उभी राहिली! आणि आपण घरच्या बैठकीत चहाचा ट्रे ठेवून आत निघून जातो.

इथवर मी कौतुकाने ऐकत होते. पुढे त्या मुलीने जे सांगितले त्याने मात्र मी गप्प झाले.

तिने विचारले, "लोकसभा आणि राज्यसभा यांचे एखाद्या कायद्यावर जुळले नाही तर काय होते, माहीत आहे का?" आम्ही माना हलवल्या. ती म्हणाली, मग दोन्ही सभागृहे एकत्र बसवतात आणि सगळ्यांची मिळून मते घेतात. कायद्यासाठी अशी बैठक फार क्वचित होते. स्वतंत्र भारतात ती पहिल्यांदा झाली १९६१ साली, मे महिन्याच्या ६ आणि ९ तारखेला, याच सभागृहात. कशासाठी? तर हुंडाबंदीच्या कायद्यासाठी.

भगिनींनो, मी समजत होते की एवढी मोठी बैठक लढाईसाठी झाली असेल, नाहीतर सरकारच्या तिजोरीसाठी. ती झाली होती आपल्या मुलींच्या लग्नासाठी. लग्नातल्या भेटी हुंड्यात धरायच्या की नाहीत, यावरून दोन्ही सभागृहांचे अडले होते. म्हणजे आपल्या माजघरात जो वाद चालतो, तोच. पंडित नेहरूंच्या काळातले ते सगळे मोठे लोक दोन दिवस त्यावर बसले. कायदा झाला. हुंडा घेणे हा गुन्हा आणि देणे हाही गुन्हा. प्रत्यक्ष मागितला तरी हुंडा आणि आडून मागितला तरी हुंडाच. पुढे १९८४ आणि १९८६ साली तो आणखी कडक केला. आता निदान पाच वर्षांची कैद त्यात सांगितली आहे.

मला माझ्या पर्समधली यादी आठवली.

नवरदेवाला पाच तोळ्यांची साखळी. मोटारसायकल. कपाट आणि पलंग. वरमाईला पैठणी. करवल्यांच्या साड्या. हॉल आणि जेवणावळीचा खर्च मुलीकडे. हुंडा हा शब्द मी कुठेच लिहिला नव्हता. वर मथळा होता 'मानपान'. मुलीचे वडील एका कारखान्यात होते, तो कारखाना कधीच बंद पडला. या लग्नासाठी ते पतपेढीतून कर्ज काढणार आहेत हे मला ठाऊक होते. ठाऊक असून मी साखळीचे तोळे चाराचे पाच केले होते.

आणि हे मी केले, जिचे शिक्षण सातवीत सुटले ते हुंड्यापायी. माझ्या ताईच्या लग्नात आमच्या दादांनी शेत गहाण टाकले. त्या वर्षी आठवीची फी आणि पुस्तके यांना पैसे उरले नाहीत. हायस्कूल होते दुसऱ्या गावी. दादा एवढेच म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." ते पुढचे वर्ष आले नाही. कायदा तेव्हाही होता, तीस वर्षांहून जुना. आमच्या घरापर्यंत तो पोचला नव्हता. माझ्या हातून तरी तो कुठे पोचणार होता?

पुढचे पाहणे मी थोडे अन्यमनस्कपणेच केले. नवी इमारत देखणी आहे. २८ मे २०२३ रोजी तिचे उद्घाटन झाले. लोकसभेत मोराची कल्पना घेतली आहे आणि राज्यसभेत कमळाची. लोकसभेत ८८८ जणांना बसण्याची सोय आहे. खाली गालिचे आहेत, ते भदोही आणि मिर्झापूरच्या नऊशे विणकरांनी हाताने एकेक गाठ मारून विणले. आपण विणकाम करणाऱ्या बायका, आपल्याला त्या गाठींची किंमत कळते. याच इमारतीत पहिले विधेयक आले ते स्त्रियांना लोकसभेत आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा देण्याचे. लोकसभेत २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ मते बाजूने पडली आणि विरुद्ध फक्त दोन. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ते लागू व्हावे असे त्यात लिहिले होते. २०२४ च्या निवडणुकीत ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या, त्यांत महाराष्ट्राच्या सात. आपल्या ईशान्य मुंबईतून १९८९ साली जयवंतीबेन मेहता गेल्या होत्या, हे भाऊजींनी मला तिथेच सांगितले.

बाहेर पडताना त्या मुलीने आणखी एक नाव सांगितले, ते विसरू नका. कमलेश कुमारी. राखीव पोलीस दलातली शिपाई, दोन लहान मुलींची आई. १३ डिसेंबर २००१ रोजी अतिरेक्यांची गाडी आवारात शिरली तेव्हा ती दारावर पहाऱ्याला होती. तिला संशय आला, तिने ओरडून सगळ्यांना सावध केले आणि गोळ्या अंगावर घेतल्या. मरणोत्तर अशोकचक्र मिळालेली ही पोलीस शिपाई. हातात बंदूक नसताना ती ओरडली, म्हणून आतले वाचले. माझ्या मनात आले, ओरडायचे कधी ते तिला कळले. आपल्याला मात्र घरात बोलायलासुद्धा भीती वाटते.

बिल्ला देऊन पर्स परत घेतली. रात्री जेवणे झाल्यावर यादी काढून मी ह्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "ही मला फाडायची आहे." हे म्हणाले, "लोक काय म्हणतील? मुलात काही खोट आहे म्हणतील." जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही नाही घेतलेत तरी ते देणारच." दोघांचे म्हणणे खोटे नव्हते. पण मी यादी फाडली. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, मला मोटारसायकल नकोच होती. पण तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." बघा, घरात तीन माणसे, आणि तिघेही एकमेकांच्या भिडेने गप्प!

दिवाळीनंतर बैठक झाली. या वेळी चहाचा ट्रे ठेवून मी आत गेले नाही, तिथेच बसले. म्हटले, आम्हांला काही नको, खर्च निम्मा निम्मा. मला वाटले होते विहीणबाई आनंदतील. त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "खरे सांगा, आमच्या मुलीत काही कमी दिसले का? की मागाहून काही सांगणार आहात?" माझ्या डोळ्यांत पाणी आले. न मागणारी सासू असते हेसुद्धा त्या माउलीला खरे वाटेना. त्यांची खात्री पटायला लग्नापर्यंतचे दिवस लागले. पतपेढीचे कर्ज काढावे लागले नाही.

लग्न झाले. न मागता आलेल्या भेटी आल्या, त्या आम्ही नाकारल्या नाहीत. पण कायद्याच्या १९८५ च्या नियमांत सांगितले आहे की अशा भेटींची यादी करावी आणि तिच्यावर वधूवरांनी सह्या कराव्यात. ती यादी मी सुनेच्या हातून लिहवून घेतली. अक्षर सुरेख आहे तिचे. ती पदवीधर आहे आणि तिच्या यादीत एकही चूक नाही.

मैत्रिणींनो, मी तुम्हांला उपदेश करायला उभी नाही. पाच तोळे लिहिणारा हात माझाच होता. पण आपल्या मंडळात ज्यांना लग्नाचे मुलगे आहेत अशा आपण पुष्कळजणी आहोत. मुलीची आई आपणहून बोलू शकत नाही, तिची कुचंबणा असते. मुलाच्या आईने आधी बोलावे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण सगळ्या जमू, तेव्हा ज्यांना मनापासून वाटेल त्यांनी मंडळाच्या वहीत सही करावी की मी मागणार नाही. पहिली सही मी करीन. कोणावर जबरदस्ती नको. दिल्लीला त्या सभागृहात दोन दिवस बसून मते घ्यावी लागली. आपल्याला एक संध्याकाळ पुरेल.

आणि दिल्लीला जाल तेव्हा ते गोल घर जरूर पाहा. परके वाटू देऊ नका. आपल्या मुलीबाळींचा विचार तिथे होऊन गेला आहे.