श्वानाचे घ्राण आणि माणसाचे अनुमान



ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात सरांच्या स्मृत्यर्थ बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. या व्याख्यानमालेत यापूर्वी इतिहासावर, संतवाङ्मयावर, शिक्षणावर व्याख्याने झाली. मी पडलो वकील. अफू-गांजाच्या खटल्यांत नीमचच्या न्यायालयात माझे आयुष्य गेले. त्यामुळे ‘अमली पदार्थ शोधणाऱ्या पोलिसी कुत्र्याला कशाचा वास येतो आणि कशाचा येत नाही’ हा आजचा विषय पत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल.

पण हा विषय ग्वाल्हेरला परका नाही. अफूच्या लागवडीचे परवाने ज्यांच्या अखत्यारीत दिले जातात, त्या नार्कोटिक्स कमिशनरांचे मुख्य कार्यालय आपल्याच शहरात आहे. झाशी रस्त्यावर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे श्वान-प्रशिक्षण केंद्र १९७० पासून चालू आहे. आणि जेथे सरकारी परवान्याने अफू पिकते, ते नीमच-मंदसौर जुन्या ग्वाल्हेर संस्थानाचेच भाग होत. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. या विषयातील मर्म मला कायद्याच्या पुस्तकाने शिकवले नाही; ते सरांनी अकरावीच्या प्रयोगशाळेत शिकवले.

आपल्यापैकी पुष्कळांना ते क्षारांचे परीक्षण आठवत असेल. परीक्षानळीत चिमूटभर पांढरी भुकटी, तिच्यावर सौम्य गंधकाम्ल, आणि खाली दिवा. मला सिरक्याचा वास आला. मी उत्साहाने जर्नलात लिहिले, ‘अॅसिटेट आहे’. सरांनी त्या पानावर लाल शाईने शून्य दिले. मी म्हणालो, “सर, उत्तर बरोबर आहे.” सर म्हणाले, “उत्तर बरोबर आहे, पण ते तू सिद्ध केलेले नाहीस. वास ही प्राथमिक परीक्षा. ‘असू शकेल’ असे लिही. फेरिक क्लोराइड घालून रक्तासारखा लाल रंग आला, की मग ‘आहे’ असे लिही.” त्या शून्याचा राग मला पुष्कळ दिवस होता. त्याचा अर्थ मात्र तीस वर्षांनी कळला.

प्रथम कुत्र्याच्या नाकाविषयी. त्याच्या सामर्थ्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. गंध ओळखणारी कार्यक्षम जनुके माणसात चारशेच्या आसपास, तर कुत्र्यात त्याच्या सुमारे दुप्पट आहेत. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाचएक वेळा हवा आत ओढतो, आणि उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून बाहेर सोडतो, त्यामुळे समोरच्या गंधात व्यत्यय येत नाही. आपल्याला आमटीचा एकच वास येतो. कुत्र्याला त्यातले हिंग निराळे, कढीलिंब निराळा कळत असावा. म्हणूनच कॉफी किंवा अत्तर टाकून त्याला सहज फसवता येत नाही.

येथे एक लोकभ्रम दूर करतो. या कुत्र्यांना अफूची चटक लावलेली असते, असे सुशिक्षित माणसेही सांगतात. ते खोटे आहे. कुत्र्याला हवा असतो चेंडू, आणि हँडलरची शाबासकी. अमुक वास सापडला की जागच्या जागी बसायचे आणि मग चेंडू मिळतो, एवढेच त्याला शिकवलेले असते. त्याच्या लेखी तो खेळ आहे. गुन्हा, कायदा, शिक्षा या गोष्टी त्याच्या जगात नाहीत.

मग त्याला नेमके काय हुंगता येते? ‘अमली पदार्थ’ ही कायद्याने केलेली जात आहे. निसर्गात तसा एकच एक वास नाही. कुत्र्याला कळतात ते हवेत उडणारे रेणू. शुद्ध कोकेनची वाफ अत्यल्प असते. ओलाव्याने त्याचे थोडे विघटन होऊन मेथिल बेंझोएट नावाचे सुगंधी द्रव्य निर्माण होते, आणि कुत्रे मुख्यतः त्यावर बसतात असे अमेरिकेतील संशोधनात दिसून आले. हे मेथिल बेंझोएट आपल्या निशिगंधाच्या सुवासातही असते. हेरॉईनमधून सुटते ते अॅसिटिक आम्ल, म्हणजे आमच्या परीक्षानळीतला तोच सिरका. गांजाचा वास त्यातील टर्पीन वर्गाच्या तेलांचा. उत्तम शिकवलेला कुत्रा निशिगंधाच्या हारावर किंवा लोणच्याच्या बरणीवर बसणार नाही, कारण तो गंधांचा मेळ आणि त्यांचे प्रमाणही ओळखतो. पण तो ओळखतो गंधच, पदार्थ नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

आता त्याला काय कळत नाही ते पाहू. जो वास शिकवला नाही, त्यावर तो बसणार नाही. बाजारात नव्याने आलेले रासायनिक मादक द्रव्य त्याच्या दृष्टीने नुसती भुकटी. मेच्या उन्हात धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही, कारण तोंडाने धापा टाकणे आणि नाकाने हुंगणे एकाच वेळी साधत नाही. त्याला प्रमाण सांगता येत नाही. आपल्या १९८५ च्या कायद्यात हेरॉईनची अल्प मात्रा ५ ग्रॅम आणि व्यापारी मात्रा २५० ग्रॅम. अफूची अनुक्रमे २५ ग्रॅम आणि अडीच किलो. या आकड्यांवर माणसाची दहा-वीस वर्षे अवलंबून असतात. कुत्रा मात्र दोन्हीपुढे सारखाच बसतो. त्याला व्याख्याही कळत नाही. भांगेची नुसती पाने, शेंडे सोबत नसतील तर, या कायद्यातील ‘गांजा’ या व्याख्येत येत नाहीत. झाड मात्र तेच आणि वासही बव्हंशी तोच.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याला काळ कळत नाही. वस्तू आहे, की होती आणि गेली, हे वास सांगत नाही. पोलंडमध्ये १६४ पोलिसी कुत्र्यांच्या चाचण्या घेऊन २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लपवलेला नमुना सरासरी ६४ सेकंदांत सापडे, आणि ८७.७ टक्के वेळा कुत्रा बरोबर ठरला, ५.३ टक्के वेळा चुकला, ७ टक्के वेळा त्याला दहा मिनिटांतही काही सापडले नाही. ही कामगिरी खरोखर स्पृहणीय आहे. पण त्याच अभ्यासात असेही दिसले, की नमुना उचलून नेल्यावर निदान ४८ तास त्या रिकाम्या जागी कुत्र्यांना वास येत राहिला.

आता ती हकीकत सांगतो, जिच्यासाठी हा विषय निवडला. काही वर्षांपूर्वी फाल्गुनात, अफूच्या बोंडांना चिरा देण्याच्या हंगामात, एका परवानाधारक शेतकऱ्याचा मुलगा परीक्षेसाठी बसने इंदूरला निघाला होता. वाटेत तपासणी झाली. कुत्रा त्याच्या पिशवीपाशी येऊन बसला. भरल्या बसमधून त्याला खाली उतरवले, पिशवी उलटी केली, कपडे झटकले. पुस्तके, चादर आणि घरच्या पुऱ्या, एवढेच निघाले. पण कुत्रा बसला होता ना! म्हणून ती रात्र चौकशीत गेली. दुसऱ्या दिवशी त्याला सोडून दिले. तोवर पेपर होऊन गेला होता, आणि त्यापायी पुढे वर्षही गेले.

वडील मुलाला घेऊन माझ्याकडे आले. अफूच्या गुन्ह्यात नाव आले तर परवाना जाईल, या भयाने त्या माणसाचे हात कापत होते. आणि मी, या कायद्यात केस पिकवलेला वकील, त्या मुलाला पहिला प्रश्न काय विचारला असेल? “खरे सांग, पिशवीत काय होते?” मुलाने मान खाली घातली. वडील म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्हीसुद्धा?”

नंतर उलगडा झाला तो साधा होता. ज्या खोलीत रोजची गोळा केलेली अफू भांड्यात ठेवत, त्याच खोलीच्या खुंटीला ती पिशवी तीन आठवडे टांगलेली होती. मुलगाही पहाटे वडिलांबरोबर शेतात जाई. चीक हाताला, बाहीला लागे. निघताना त्या मुलाने मला विचारले, “साहेब, मग कुत्रा खोटे बोलला का?” मी म्हणालो, “नाही रे. कुत्रा खरेच बोलला. त्याला अफूचा वास आला, तेवढेच त्याने सांगितले. खोटे आम्ही त्यात घातले.” कुत्र्याने ‘असू शकेल’ म्हटले होते. चौकीवरच्या माणसांनी ‘आहे’ वाचले, आणि मीही ‘आहे’च वाचले. त्या रात्री मला सरांचे शून्य आठवले.

कुणी म्हणेल, ही एखाद्याची गोष्ट झाली. तर एक साधे गणित करू. समजा, कुत्रा इतका निष्णात आहे की शंभर दोषींपैकी नव्वदांवर बसतो आणि शंभर निर्दोषांपैकी केवळ पाचांवर. हजार प्रवाशांत दहा जणांजवळ माल आहे. कुत्रा नऊ दोषींवर बसेल. आणि उरलेल्या ९९० निर्दोषांपैकी सुमारे पन्नासांवर. म्हणजे तो ज्यांच्यापुढे बसला, त्यांत दर सहांमागे पाच निरपराध! हा दोष नाकाचा नाही, गर्दीतल्या गणिताचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात २००१ साली अशा कुत्र्यांसाठी कायदा झाला, आणि २००६ साली तेथील लोकपालांनी त्याचा आढावा घेतला. कुत्र्यांनी १०,२११ वेळा इशारा दिला होता. शोधात अमली पदार्थ सापडले ते सुमारे २६ टक्के वेळा. उरलेल्यांपैकी काहींचा पूर्वी त्या पदार्थाशी संबंध आलाही असेल. झडती मात्र सर्वांचीच झाली.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस असतो, त्याचाही विचार केला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये ‘हान्स’ नावाचा घोडा गणिते सोडवून दाखवी. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले, की घोड्याला गणित येत नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आणि मानेचा ताण तो वाचत असे. २०११ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अठरा हँडलर आणि त्यांचे कुत्रे घेऊन एका चर्चमध्ये प्रयोग केला. तेथे कोणताही अमली पदार्थ ठेवलेला नव्हता. पण काही ठिकाणी लाल कागद चिकटवलेले असून तेथे माल असू शकेल, असे हँडलरना सांगितले होते. १४४ फेऱ्यांत कुत्र्यांनी वास लावल्याचे तब्बल २२५ इशारे हँडलरनी नोंदवले. यात कुणी लबाडी केली असे नाही. ज्याला जे सापडावेसे वाटते, त्याचे पाऊल तेथे क्षणभर रेंगाळते. आणि धन्याला खूश करण्यात ज्याचा जन्म गेला, त्या प्राण्याला तो क्षण पुरतो.

आपल्या न्यायालयांनी श्वानाच्या साक्षीबद्दल पूर्वीच सावधगिरी दाखवली आहे. अब्दुल रजाक मुर्तजा दफादार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६९ च्या खटल्यात, माग काढणाऱ्या कुत्र्याच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने या पुराव्यावर घेतले जाणारे आक्षेप नोंदवले: कुत्रा शपथेवर साक्ष देऊ शकत नाही, आणि माणसाचे जीवित व स्वातंत्र्य श्वानाच्या अनुमानावर सोपवणे योग्य वाटत नाही. माग काढणे आणि माल हुंगणे ही कामे निराळी. मालाच्या बाबतीत शेवटी पदार्थ हाती यावाच लागतो, आणि रासायनिक प्रयोगशाळेचा अहवालही. परंतु न्यायालयापर्यंत पोचण्याआधी, रस्त्यावर, बसमध्ये, फलाटावर जे घडते, त्याची फेरतपासणी बहुधा कुठेच होत नाही. त्या मुलावर खटला झाला नाही, म्हणून त्याला निर्दोषही कुणी ठरवले नाही.

माझे मागणे कुत्रे बंद करावेत असे नाही. मालवाहू गाड्यांच्या रांगेत, गोदामात, पार्सलांच्या ढिगात त्यांच्याइतका झटपट मदतनीस दुसरा नाही. आणि या विषाने उद्ध्वस्त झालेली घरेही मी पाहिली आहेत. माझे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. प्रत्येक कुत्र्याच्या प्रत्येक इशाऱ्याची नोंद असावी, विशेषतः काहीच न सापडलेल्या इशाऱ्यांची. नमुना कुठे लपवला आहे हे हँडलरलाही ठाऊक नसेल, अशा चाचण्या नियमाने व्हाव्यात. आणि कुत्रा बसला तर झडती आडोशाला व्हावी, व काही न सापडल्यास ‘तुम्ही जाऊ शकता’ हे शब्द सगळ्यांना ऐकू जातील असे उच्चारले जावेत. या तिसऱ्या गोष्टीला एक पैसाही लागत नाही.

या शाळेचे विद्यार्थी पोलिसात आहेत, सीमा सुरक्षा दलात आहेत, न्यायासनावरही आहेत. त्यांना आणि समोर बसलेल्या मुलांना माझी एवढीच विनंती, की ‘असू शकेल’ आणि ‘आहे’ या दोन शब्दांमधले अंतर राखा. त्या अंतरात कधी कधी एखाद्याचे सबंध वर्ष मावते.

तो मुलगा पुढल्या वर्षी परीक्षेला बसला आणि उत्तीर्ण झाला. निकालाचे पेढे घेऊन तो आला, तेव्हा त्याच्या खांद्याला नवी पिशवी होती. जुनी त्याने जाळून टाकली होती. पिशवीचा काही अपराध नव्हता. पण त्याला तसे सांगण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

सर आज असते, तर हे व्याख्यान ऐकून त्यांनी ते शून्य खोडले असते की नाही, सांगता येत नाही. बहुधा खोडले नसते. त्यांच्या स्मृतीला वंदन करतो.