शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी



व्याख्यानासाठी विषय कळवला त्याच दिवशी संध्याकाळी मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. "सर, विषय हाच ना? बदलायचा नाही?" असं त्यांनी दोनदा विचारलं. त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या सीमाभागातली व्यासपीठं गंभीर आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा इथल्या संमेलनांत आपण संतसाहित्यावर बोलतो, ग्रामीण कथेवर बोलतो, सीमाप्रश्नावर तर बोलतोच. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून साहित्य आणि लढा ह्यांची गाठ इथे पक्की बसली आहे. अशा ठिकाणी सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींच्या प्रेमाच्या कादंबऱ्यांवर एका निवृत्त मास्तराने तासभर बोलावं, हे कुणालाही जरा चमत्कारिक वाटेल.

म्हणून आधी हा विषय माझ्याकडे कसा आला ते सांगतो. हे सांगायला मला तीस वर्षं लागली.

1994 साल. निपाणीच्या पट्ट्यातल्या एका खेड्यातलं हायस्कूल. दहावीचा वर्ग. मागच्या बाकावरची एक मुलगी इतिहासाच्या पुस्तकाआड दुसरंच काही वाचत होती. मी पुस्तक ओढून घेतलं. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी'. पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का. मी वर्गासमोर दोन वाक्यं बोललो, ती इथे सांगण्यासारखी नाहीत. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते तंबाखूच्या वखारीत हमाली करत. हात जोडून उभे राहिले, म्हणाले, "बरं झालं सांगितलासा, सर." पुढच्या सोमवारपासून मुलगी शाळेत आली नाही. परीक्षेला बसली नाही. मे महिन्यात लग्नपत्रिका आली, स्टाफरूमच्या पत्त्यावर.

पुस्तक माझ्या कपाटातच राहिलं होतं. सुट्टीत ते मी वाचलं, मग वाचनालयात नेऊन दिलं आणि दंड भरला. दंड किती ते आठवत नाही, पण ती मुलगी कुठल्या पानावर होती ते आठवतं. पानाचा कोपरा दुमडलेला होता. अर्ध्याच्याही अलीकडे. त्या गोष्टीचा शेवट तिला कळला की नाही, मला माहीत नाही.

ती पुस्तकाआड लपून काय शोधत होती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याकडे आहे.

"प्रेमाच्या कादंबरीत असतं काय? दोघं भेटणार, काहीतरी अडणार, शेवटी एकत्र येणार नाहीतर ताटातूट होणार." ह्या कादंबऱ्यांवरचा हा नेहमीचा आक्षेप. आक्षेप खरा आहे, आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. हरिश्चंद्राची गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा माणूस आपल्या गावांत नसेल, तरी कीर्तनाला माणसं बसतातच. शेवट ठाऊक असला की ऐकणाऱ्याचं लक्ष मोकळं होतं. पुढे काय होणार ही धास्ती संपते आणि हा माणूस ह्या क्षणी कसा वागेल, ही उत्सुकता सुरू होते. प्रेमाच्या चांगल्या कादंबरीत घटना थोड्या असतात, कारण तिथे वाचायची गोष्ट म्हणजे तो मुलगा आणि ती मुलगी.

मराठीत हे एकदम आलेलं नाही. आमच्या वडिलधाऱ्यांच्या तरुणपणी प्रेमकथा म्हणजे ना. सी. फडके. इथून जवळच, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते शिकवत. 1931 च्या 'प्रतिभासाधना'त त्यांनी कथा कशी बांधावी ह्याचं शास्त्रच मांडलं. गुंतागुंत, निरगाठ, सुकर उकल. फडके वाचताना मजा येते, आजही येते, हे मी आडपडदा न ठेवता सांगतो. पण त्यांचा नायक एका कादंबरीतून उचलून दुसरीत ठेवला तर त्याला फारसं अवघडल्यासारखं होणार नाही. तिथे गोष्ट हुशार आहे आणि माणसं तिच्या सोयीने चालतात.

आता मिलिंद बोकिलांची 'शाळा' घ्या. 2004 साली मौजेने काढली, 2012 साली तिचा चित्रपट लागला, त्यामुळे न वाचणाऱ्यांनाही ती ठाऊक आहे. घडतं काय त्यात? आणीबाणीचं वर्ष, नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, आणि वर्गातली शिरोडकर. तो तिला बघतो. तिच्या वाटेवर उभा राहतो. फार थोडं बोलणं होतं. वर्ष संपतं आणि ती गाव सोडून जाते. फडक्यांच्या हिशेबाने ह्यात कादंबरी होण्याइतकं कथानकच नाही.

पण जोशीला तिथून उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. तो तिला मनातल्या मनातही शिरोडकर म्हणतो, हजेरीपटावरच्या आडनावाने. तुम्हीही शाळेत असं कुणाला आडनावाने हाक मारत असाल, आणि ते आडनाव आजही एखाद्या दुकानाच्या पाटीवर दिसलं तर नजर जरा अडकत असेल. जोशीचं प्रेम त्याच्या बोलण्यात फार नाही. कुणाला खोटं सांगायचं, कुणाला खरं, मित्रांपुढे किती बढाई मारायची आणि नरूमामाला काय विचारायचं, ह्या ठरवाठरवीत ते आहे. चौदा वर्षांचा मुलगा स्वतःला घडवत असतो आणि त्याला वाटत असतं की आपण फक्त एका मुलीच्या मागे आहोत. वाचणाऱ्याला दोन्ही दिसतं. ह्या प्रकारच्या कादंबरीची सगळी ओढ मला इथे दिसते.

बाहेर हा प्रकार जुना आहे. मॉरीन डेली नावाच्या अमेरिकन मुलीने कॉलेजात असतानाच 'सेव्हन्टीन्थ समर' लिहिली. ती 1942 साली छापली गेली. तळ्याकाठचं गाव, एक उन्हाळा, अँजी आणि बेकरीवाल्याचा मुलगा जॅक. उन्हाळा संपला की ती शिकायला जाणार, हे दोघांनाही ठाऊक. बस, एवढंच. आज आपल्या मुली जेनी हान वाचतात, जॉन ग्रीन वाचतात, ती ह्याच घराण्यातली पुस्तकं. इंग्रजीत ह्या वयासाठी दुकानात वेगळं कपाट असतं. मराठीत 'किशोर' मासिक आहे, 1971 पासून आहे, उत्तम आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. तिथून मूल उतरतं ते थेट मोठ्यांच्या कपाटात. मधली पायरीच नाही. 'शाळा' ही अशी एकटी पायरी आहे, आणि तीसुद्धा मोठ्यांनी आपलं बालपण आठवायला वाचली असं मला वाटतं.

तुम्ही म्हणाल, लंपनला विसरलात का? विसरलो नाही, त्याच्याकडेच येतोय.

प्रकाश नारायण संत म्हणजे भालचंद्र दीक्षित. इंदिरा संतांचे चिरंजीव, कराडला भूशास्त्राचे प्राध्यापक. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ह्या चार पुस्तकांत त्यांनी आपल्याच ह्या भागातला एक मुलगा उभा केला. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांजवळ वाढणारा, ऊठसूट 'मॅड' म्हणणारा, कानडी-मराठीच्या सरमिसळीत राहणारा. 2024 साली त्याच्यावर मालिकाही आली. आणि त्याच्या शेजारी सुमी आहे. लंपनला सुमीबद्दल जे वाटतं त्याला लेखक नाव देत नाही. लंपनलाही ते देता येत नाही, कारण त्याच्या वयात तो शब्द नसतो, आणि म्हणूनच ते इतकं नेमकं उतरतं. माझ्या मते सीमाभागातली सर्वांत चांगली प्रेमकथा एका लहान मुलाच्या तोंडून सांगितली गेली आहे.

अडचण अशी की लंपन मोठा होत नाही. सुमीही नाही. संत 2003 साली अपघातात गेले. ते असते तरी त्यांनी लंपनला कॉलेजात पाठवलं असतं असं मला वाटत नाही, तो त्यांचा मार्ग नव्हता. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवता चालवता लिहीत राहिले, ड्रायव्हर, गॅरेजवाले, विडी कामगार बायका ह्यांना त्यांनी कथेत आणलं. ते 2024 साली गेले. त्यांनी इथलं कष्टाचं जग लिहून ठेवलं. पण विडी वळणाऱ्या आईची अठरा वर्षांची मुलगी, जिच्या दप्तरात अकाउंटन्सीचं पुस्तक आहे आणि मोबाईलमध्ये कुणाचा तरी निरोप, ती अजून कुणी लिहिलेली नाही.

ती लिहायला अवघड का आहे, हे मला एका मुलीमुळे कळलं. आमच्या शेजाऱ्यांची नात. घर निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. रोज दोन वेळा राज्याची हद्द ओलांडते आणि तिच्या ते ध्यानातही नसतं. माझ्याकडे पुस्तकं न्यायला येते. इंग्रजी प्रेमकथा भराभर वाचते, मराठी नेत नाही. का, म्हणून विचारलं. म्हणाली, "सर, मराठी पुस्तक घरात उघडं पडलं की आई वाचती. इंग्लिश असलं की माझं मी."

मला हसू आलं, मग तो दुमडलेला कोपरा आठवला. 1994 मधल्या मुलीला इतिहासाचं पुस्तक आड धरावं लागलं. हिला इंग्रजी भाषाच आड धरायला मिळाली आहे.

दुसरं कारण तिने नंतर सांगितलं, आणि ते जास्त खोल आहे. "मराठीतल्या पोरी 'मी तुझ्यावर प्रेम करते' म्हणतात. असं कोण बोलतंय? आम्ही 'मी करते' म्हणतच नाही." खरंच नाही म्हणत. आमच्याकडच्या कितीतरी बायका आणि मुली 'मी जातो', 'मी आलो', 'मी सांगतो' असंच बोलतात. पुण्याकडचा पाहुणा हसतो, शाळेत आम्ही मास्तर लोक ते लाल शाईने दुरुस्त करतो. म्हणजे जी मुलगी घरात, गल्लीत, मैत्रिणींत 'मी जातो' म्हणते, तिने प्रेमात पडल्यावर अचानक 'मी जाते' म्हणायचं. पणऐवजी 'खरं' म्हणणाऱ्या मुलीने 'परंतु' म्हणायचं. मग ती इंग्रजीत दोन शब्द टाइप करते आणि मोकळी होते. त्यात तिची हौस कमी आणि नाइलाज जास्त असतो.

व्यक्ती हाच जिचा जीव आहे अशी कादंबरी आवाजावर उभी राहते. जोशीच्या तोंडातली शाळकरी भाषा काढून घ्या, जोशी उरत नाही. लंपनचा 'मॅड' काढा, लंपन जातो. आपल्या मुलीचा 'मी जातो' आपण साठ-सत्तर वर्षं शाळेत काढून घेत आलो आणि आता विचारतो, तरुण मुलं मराठी का वाचत नाहीत. मराठी शाळा बंद पडतात त्याबद्दल आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण त्या शाळेत मीच उभा होतो, हातात लाल पेन घेऊन, हेही मला इथे सांगितलं पाहिजे.

कुणी म्हणेल, आपल्याकडे जातीबाहेर, भाषेबाहेर बघितलं तर काय होतं ते 'सैराट'ने 2016 साली दाखवलं, तिथे ही कोवळी पुस्तकं काय कामाची? मी 'सैराट' तीनदा पाहिला. तो लोक त्या दोघांचं काय करतात ते दाखवतो. ते कुणीतरी दाखवायलाच हवं होतं. मी बोलतोय ती पुस्तकं त्याच्या अलीकडची आहेत. तो खोटं बोलला तेव्हा मला कसं वाटलं, मला तो आवडतो की त्याला मी आवडते एवढंच मला आवडतं, नाही म्हणायचं असेल तर कुठल्या शब्दांत म्हणू. घरात हे कुणी शिकवत नाही. सिनेमात त्याला वेळ नसतो. कादंबरीत तीनशे पानं मिळतात आणि चूक केली तरी ती दुसऱ्या कुणाची तरी असते. वखारीतल्या हमालाच्या मुलीला ती तीनशे पानं मिळाली असती तर तिचं लग्न टळलं असतं, असं मी म्हणत नाही. टळलं नसतंच. पण बोहल्यावर उभी राहताना स्वतःशी बोलायला तिच्याकडे चार वाक्यं जास्त असती, आणि ती वाक्यं माझ्या कपाटात होती.

गेल्या पावसाळ्यात शेजारची नात एक वही घेऊन आली. शंभर पानी, चाळीसएक पानं भरलेली. "सर, आईला सांगू नका. शुद्धलेखन तेवढं बघा." निपाणीच्या स्टँडवर एक मुलगी उभी आहे. चिकोडीकडून येणाऱ्या बसमध्ये एक कानडी मुलगा आहे. तो मराठीत चुकतो, ती कानडीत चुकते, आणि दोघं एकमेकांची चूक दुरुस्त करत नाहीत. मुलगी सगळीकडे 'मी गेलो', 'मी बघितलो' म्हणते. ऱ्हस्व-दीर्घाच्या वीसेक चुका होत्या, त्या मी पेन्सिलीने केल्या. 'मी गेलो'ला हात लावला नाही.

वही चाळिसाव्या पानावर थांबली आहे. बस स्टँडात शिरलीय, मुलगी दोन पावलं मागे सरकलीय. तो उतरतो का, म्हणून मी दोनदा विचारलं. "बघूया की, सर," म्हणाली. दिवाळी झाली, सेमिस्टरची परीक्षा झाली. मी अजून वाट बघतोय.