समोर नसलेल्या विद्यार्थ्याचे अध्यापन



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल आभार मानण्याची रूढी मी मनःपूर्वक, परंतु एका वाक्यात पाळतो. कारण महाविद्यालयीन अध्यापकाला ऑनलाइन अभ्यासक्रम रचण्यास आणि शिकविण्यास साहाय्य कसे करावे, हा आपल्या परिषदेचा विषय गेल्या काही वर्षांत इतक्या परिपत्रकांतून, कार्यशाळांतून आणि प्रमाणपत्रांतून गाजून गेला आहे की, त्यावर आणखी एक गोड भाषण करण्याने श्रोत्यांच्या सहनशीलतेखेरीज अन्य कशाची परीक्षा होणार नाही. मला जे सांगावयाचे आहे ते कदाचित अप्रिय वाटेल. आपण अध्यापकाला यंत्र चालविण्यास शिकविले. परंतु जो विद्यार्थी दृष्टीसमोर नाही त्याला उद्देशून शिकविण्याची विद्या त्याला दिली नाही, आणि त्या विद्येच्या अभ्यासास लागणारा वेळ तर त्याच्या कार्यभाराच्या तक्त्यात कोणी लिहिलाच नाही.

ही विद्या नवी आहे असा जो समज सर्वत्र रूढ आहे, त्याचे प्रथम निराकरण केले पाहिजे. आयझॅक पिटमन याने इंग्लंडमध्ये 1840 च्या सुमारास टपालाने लघुलेखनाचे धडे पाठविण्यास प्रारंभ केला, तेव्हा विद्यार्थ्यांनी सोडवून पाठविलेले स्वाध्याय तपासून परत करण्याची तजवीजही त्याने केली होती. धडा जातो आणि उत्तर येते, या येरझाऱ्यांतच शिक्षण घडते, हे तत्त्व त्या टपालाच्या थैलीत तेव्हाच होते. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने 1962 साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, 1984 च्या स्वातंत्र्यदिनी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर आला, आणि 1989 साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन होऊन डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. मुक्त विद्यापीठांच्या परंपरेतील स्वयं-अध्ययनाचे पुस्तक ज्यांनी डोळसपणे चाळले असेल त्यांना हे दिसले असेल की, घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मजकुराच्या मध्येच वाचकाला थांबवून विचारलेले प्रश्न, आणि शेवटी त्यांची उत्तरे, ही सारी योजना एका गृहीतावर उभी आहे: वाचक एकटा आहे, कदाचित दिवसभराच्या नोकरीनंतर थकलेला आहे, आणि शंका विचारण्यास त्याच्याजवळ कोणी नाही.

मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाविद्यालयांची दारे एकाएकी बंद झाली आणि ऑनलाइन तासांचा हुकूम निघाला, तेव्हा नाशिकला जाऊन ‘आपण इतकी वर्षे हे कसे करीत आलात’ असे विचारण्याची बुद्धी आपल्यापैकी फार थोड्यांना झाली. दूरशिक्षण हे ज्यांना नियमित प्रवेश मिळाला नाही त्यांच्यासाठीचे दुय्यम शिक्षण, असा आपला पिढीजात अहंकार होता. आणि त्या अहंकारामुळेच, हाताशी असलेले ज्ञान सोडून, फळ्यासमोरचे पन्नास मिनिटांचे व्याख्यान जसेच्या तसे कॅमेऱ्यासमोर बसवून आपण त्याला अध्यापन म्हणू लागलो. आणीबाणीच्या प्रसंगी ते क्षम्य होते. आणीबाणी संपल्यावरही तीच रीत चालू राहावी, हे क्षम्य नाही.

वर्गात शिकविणारा अध्यापक नकळत किती गोष्टी वाचत असतो याचा विचार करा: मागच्या बाकावरची चुळबुळ, लिहिता लिहिता थांबलेली लेखणी, कपाळावरची एक आठी; आणि या सर्वांस उत्तर म्हणून तो वाक्य पुन्हा उच्चारतो, उदाहरण बदलतो, क्वचित विनोदही करतो. पडद्यासमोर यांतले काहीच उपलब्ध नसल्यामुळे ती आठी कोणत्या वाक्याला पडणार हे त्याला आधीच ताडावे लागते आणि तिचे उत्तर पाठात आगाऊ पेरून ठेवावे लागते. मायकेल मूर या अमेरिकेतील अभ्यासकाने दूरशिक्षणातील अंतर मैलांत मोजले नाही, तर अभ्यासक्रमाची बांधणी आणि त्यातील संवाद यांच्या परस्परप्रमाणात मोजले. आणि तो विचार पत्करला, तर शंभर मुलांच्या कोंदट वर्गात न थांबता टिपणे सांगणारा प्राध्यापक हाही दूरशिक्षणच देत असतो, असे म्हणण्यास प्रत्यवाय राहत नाही.

एक उदाहरण घेतो. अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाला मागणीची लवचिकता शिकवावयाची आहे. प्रचलित पद्धती अशी की, आरंभी व्याख्या, मग सूत्र, मग पाच प्रकार, मग आलेख, आणि या सर्वांचे चित्रीकरण. आता हाच पाठ उलट्या टोकाने रचून पाहू. विद्यार्थ्याला शेवटी काय करता आले पाहिजे? भाववाढीनंतर एखाद्या वस्तूवरचा खर्च वाढेल की घटेल, हे त्याला कारणासह सांगता आले पाहिजे. हे आले की नाही हे कशावरून कळेल? तर एक अपरिचित वस्तू देऊन तोच प्रश्न विचारावा. मगच पाठाकडे वळावे. लासलगावच्या बाजारात आवक घटली, कांदा किलोमागे वीस रुपयांवरून चाळीस रुपयांवर गेला, आणि महिन्याला पाच किलो घेणारे घर चार किलोंवर आले. तर त्या घराचा कांद्यावरचा खर्च वाढला की कमी झाला? एवढे विचारून पाठ येथे थांबला पाहिजे, आणि विद्यार्थ्याने वहीत उत्तर लिहिल्याखेरीज पुढे जाऊ नये अशी व्यवस्था पाहिजे. शंभराचे एकशे साठ झाले हे त्याने स्वतः मांडल्यावर, भाव शंभर टक्के वाढला असता मागणी वीसच टक्के घटली, म्हणजे लवचिकता ०.२ आली, हे सूत्र त्याला उपरे वाटत नाही. स्वाध्यायही असा द्यावा की, आपल्या गावच्या आठवडे बाजारातून दोन वस्तूंचे दोन आठवड्यांचे भाव आणून त्यांविषयी लिहा. मागितल्याबरोबर निबंध लिहून देणारी यंत्रे आता घरोघर आली आहेत, परंतु सातपुड्यातल्या धडगावच्या बाजारात ती अजून पिशवी घेऊन जात नाहीत.

पाठाच्या मध्ये मुद्दाम योजलेल्या या विरामाला मुंबईच्या आय.आय.टी.तील सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांचे सहकारी यांनी आपल्या विद्यार्थिकेंद्री प्रारूपात ‘रिफ्लेक्शन स्पॉट’ असे नाव दिले आहे, आणि हजारो अध्यापकांना ते प्रारूप ऑनलाइन अभ्यासक्रमातूनच शिकविले आहे. त्याच संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांचा पाठ पाहता पाहता थांबवून शेजारी स्वतः करून पाहावयाचे असते, आणि ते पाठ मराठीतही ऐकावयास मिळतात. याउलट 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील सुमारे 69 लाख दर्शनसत्रांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आपल्याकडे फार स्वस्त झाला. सहा मिनिटांपलीकडे प्रेक्षकाचे लक्ष टिकत नाही, एवढेच त्यातून उचलून आपण उसाच्या कांड्या कराव्यात तसे पन्नास मिनिटांच्या व्याख्यानाचे आठ तुकडे केले. विद्यार्थ्याला काहीही न करावयास लावणारी सहा मिनिटेही दीर्घच असतात.

केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाच्या रचनेत दृक्‌श्राव्य पाठ, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि मूल्यमापन अशी चार अंगे सांगितली आहेत. यांपैकी चर्चामंच हे अंग बहुतेक ठिकाणी पांगळे राहिले आहे, आणि माझ्या मते अभ्यासक्रमाचा प्राण तेथेच आहे. विद्यार्थ्याने सोमवारी विचारलेल्या शंकेला बुधवारपर्यंत नावानिशी उत्तर मिळाले, तर पलीकडे मनुष्य आहे हे त्याला कळते. तीन आठवड्यांनी मिळालेले सुंदर उत्तर दफ्तरी दाखल होते, इतकेच. विद्यार्थ्याच्या परिस्थितीविषयीही येथेच बोलले पाहिजे. घरात भ्रमणध्वनी एक, तो दिवसा वडिलांजवळ, सातपुड्यातल्या पाड्यावर ‘रेंज’साठी टेकडी चढावी लागते, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ या परंपरेचे ज्यांना वारस म्हणावे अशी कित्येक मुले दुपारच्या तासाला कामावर असतात. त्यांच्यासाठी ठरावीक वेळेची सक्तीची हजेरी ठेवणे हे शिस्तीचे नव्हे, अज्ञानाचे लक्षण आहे. थोड्या डेटात उतरणारी ध्वनिफीत, मुदतीत आठवड्याची सवलत, आणि इंग्रजी संज्ञांबरोबर मराठीतले विवरण, यांस फारसा खर्च येत नाही. हस्तलिखित टिपणांची छायाचित्रे चढविणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की, अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर अक्षरे वाचतो, छायाचित्रे नव्हे.

आता मुख्य प्रश्न: अध्यापकाला हे कसे शिकवावे? सध्याची प्रशिक्षणे एका साच्यातली आहेत. उद्घाटन होते, मंचाची ओळख होते, कोणती कळ दाबली असता काय उघडते ते दाखविले जाते, अभिप्रायाचा अर्ज भरला जातो आणि प्रमाणपत्र मिळते. त्याऐवजी अध्यापकाला प्रथम काही आठवडे ऑनलाइन अभ्यासक्रमाचा विद्यार्थी करावे, आणि तोही शक्यतो त्याला सर्वस्वी परक्या विषयाचा. मुदत टळल्यावर बंद झालेली खिडकी, अनुत्तरित शंका, अर्ध्यावर सोडलेला पाठ, हे सर्व इतिहासाच्या प्राध्यापकाने संख्याशास्त्र शिकताना अनुभवले, म्हणजे त्याला निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही. त्यानंतर त्याने संपूर्ण अभ्यासक्रमास हात न घालता एकच घटक रचावा, आणि तो दुसऱ्या शाखेच्या सहकाऱ्याने, शेजारी बसून परंतु मौन पाळून, विद्यार्थी म्हणून सोडवावा. सहकारी जेथे अडेल तेथे लेखकाने तोंडी खुलासा न करता खूण करावी. परदेशी विद्यापीठांत ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’ हा पगारी हुद्दा असतो; आपल्याकडे तो निर्माण होईपर्यंत हा अडणारा सहकारीच त्याचे काम करील.

परंतु या सर्वांस वेळ लागतो, आणि येथे आपण शासनदरबारी स्पष्ट बोलले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकास आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. त्याच विनियमांत चारही अंगांनी पूर्ण झालेल्या चार श्रेयांकांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमास वीस गुण दिले आहेत. म्हणजे काम झाल्यावर गुण आहेत, ते करण्यासाठी तास नाहीत. आयोगाच्याच 2021 च्या विनियमांनी एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून घेण्याची मुभा दिली, मात्र विद्यार्थ्यांना तिकडे पाठविणाऱ्या महाविद्यालयात त्यांच्या शंकांसाठी प्रत्यक्ष कोण बसणार, हा प्रश्न उरतोच. आणि ज्यांच्या खांद्यांवर आपल्या राज्यातील अध्यापनाचा मोठा भार आहे ते तासिका तत्त्वावरील अध्यापक? त्यांना घेतलेल्या तासाचे मानधन मिळते. रात्री लिहिलेल्या पाठाची आणि तपासलेल्या स्वाध्यायांची कोणत्याही हजेरीपटात नोंद होत नाही. त्यांच्याकडून उत्तम अभ्यासक्रमाची अपेक्षा करणे यास मी वेठ म्हणतो, आणि तो शब्द सभावृत्तात तसाच राहावा अशी माझी इच्छा आहे.

म्हणून कार्यकारिणीने जो ठराव तयार केला आहे त्यात अभ्यासक्रम रचणाऱ्या अध्यापकास एका सत्रापुरती आठवड्याला चार तासांची सूट, तासिका तत्त्वावरील अध्यापकास रचनेच्या व तपासणीच्या तासांचे मानधन, आणि अभ्यासक्रम पहिल्यांदा चालविल्यावर दुरुस्तीसाठी स्वतंत्र मुदत, अशा मागण्या आहेत. विज्ञानशाखेच्या काही सभासदांचे म्हणणे असे की, प्रयोगांचे चित्रीकरण करावयाचे असता चार तास अपुरे पडतात, आणि ते मला ग्राह्य वाटते. तशी उपसूचना ज्यांना मांडावयाची असेल त्यांनी ती दुपारच्या सत्रापूर्वी कार्यवाहांकडे लेखी द्यावी, म्हणजे मतदानाआधी सभेस ती वाचून दाखविता येईल.