फॉर्मवर लिहायचं ‘अविवाहित’

(शहादा येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सैन्याबद्दल बोलायला उभी राहिले म्हणून काहीजणींच्या कपाळावर आठी दिसतेच आहे. बंदूक हाती आली म्हणजे बाई मुक्त झाली, असं मीही मानत नाही. पण गेल्या महिन्यात धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत बारावीतल्या मुलीनं विचारलं, “ताई, खडकवासल्याला मुली घेतात ते खरं का?” तिला ‘युद्ध वाईट असतं’ हे उत्तर कसं द्यायचं?

तर, खरं आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजे एनडीएचं, उद्घाटन १९५५ साली झालं आणि पुढची सदुसष्ट वर्षं तिथे फक्त मुलगे शिकले. १९९२ नंतर डॉक्टर-नर्स सोडूनही बायका सैन्यात अधिकारी होऊ लागल्या, पण त्या ठरावीक वर्षांपुरत्या. बारावीनंतरचं हे दार बंदच होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलींना परीक्षेला बसू देण्याचा अंतरिम आदेश दिला. सरकार म्हणालं, तयारीला वेळ हवा, पुढच्या मेपासून घेऊ. (बायकांच्या बाबतीत तयारीला नेहमीच वेळ लागतो!) न्यायालयानं ऐकलं नाही. नोव्हेंबरातच परीक्षा झाली. मुलींचे अर्ज पावणेदोन लाखांवर, लेखी परीक्षेत उत्तीर्ण १००२, आणि जागा १९. त्या तुकडीतल्या १७ मुली ३० मे २०२५ रोजी मुलांबरोबर संचलन करून बाहेर पडल्या.

मग आमची मुलगी कुठे अडते? फीपाशी नाही, मुलींना आणि आदिवासींना ती माफ आहे. भूदलासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. पण गणिताचा पेपर सगळ्यांनाच, ३०० गुणांचा. हिची शाखा कला, गणित दहावीलाच सुटलेलं. पेपर हिंदी-इंग्रजीत, ही घरी पावरी बोलते, शाळेत मराठी. आदिवासींसाठी राखीव जागा इथे नाहीत. म्हणजे दार उघडलं, पण दारापर्यंतची वाट कुणाच्या अंगणातून जाते ते बघा.

आणि वय. साडेसोळा ते साडेएकोणीस. आपल्याकडे हेच लग्नाचं वय. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जायचे, तरणी पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून उरकून टाकतात. त्यांना नुसती नावं ठेवून भागत नाही. एनडीएची अट मात्र अशी की उमेदवार अविवाहित हवा. ही अट सैन्यानं स्वतःच्या सोयीसाठी घातलीय, बाईच्या प्रेमापोटी नव्हे. पण या मुलीनं ती बरोबर उचलली. घरी स्थळ आलं तेव्हा बापाला म्हणाली, “फॉर्मवर अविवाहित लिहायचंय. खोटं लिहिलं तर पकडतील.” बाप गप्प बसला. सध्या स्थळ थांबलंय. परीक्षा झाली की काय, ते तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही.

याच शहाद्यात सत्तरच्या दशकात आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली, तेव्हा त्यांनी कुणाचा फॉर्म भरला नव्हता, हे मला कळतं. तरी या मुलीला आज तो फॉर्म हवा आहे.

शनिवारी मी धडगावला जातेय. गणिताची पुस्तकं मिळाली आहेत, शिकवणारी मिळालेली नाही. जिला अकरावी-बारावीचं गणित येतं, तिनं जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं.