चिखलाच्या वजनाची गोष्ट

आजचा विषय आहे चिखल. हो, बरोबर ऐकलंत. मी तेलविहिरींवर मड इंजिनिअर आहे, म्हणजे चिखल सांभाळायचा पगार घेतो. घरी हे सांगितलं की सगळे हसतात. हसू द्या, पण त्याच चिखलाच्या भरवशावर रिगवरची माणसं निवांत झोपतात. कसं, ते सांगतो.

गावाकडे बोअर मारताना पाहिलं असेल. कंप्रेसर सुरू झाला की हवेच्या जोरावर दगडाचा भुगा भस्सकन वर येतो. तेलाची विहीर मात्र दोन-तीन किलोमीटर किंवा त्याहून खोल जाते. तिथे बहुतेक वेळा हवेच्या जागी मड असतं. पाणी किंवा तेल, त्यात बेंटोनाइट माती, बराइट नावाच्या जड खनिजाची पूड आणि थोडी रसायनं. पंप हे मड पोकळ पाइपातून खाली ढकलतो. ते बिटच्या छिद्रांतून बाहेर पडतं, बिट थंड ठेवतं आणि भुगा घेऊन पाइपाच्या बाहेरच्या फटीतून वर येतं. वर थरथरणाऱ्या चाळणीवर भुगा वेगळा होतो आणि मड परत टाकीत जातं.

आता पंप बंद पडला तर? भुगा खाली बसून बिट अडकेल ना? इथे बेंटोनाइटची करामत बघा. स्थिर राहिलं की मड घट्ट होतं आणि भुग्याला जागच्या जागी धरून ठेवतं. पुन्हा हललं की पातळ. सॉसची बाटली हलवल्यावर होतं ना, तसंच.

पण खरं काम आहे वजनाचं. दहा मीटर पाण्याचा दाब साधारण एक वातावरण. म्हणजे ३००० मीटरवर ३००. खालच्या खडकातल्या वायूचा दाब ३५० असेल, तर नुसतं पाणी त्याला रोखू शकणार नाही. बराइट घालून मड पाण्याच्या १.२ पट जड केलं की ३६० होतात आणि वायू आतच राहतो. मग भरपूर बराइट का नाही टाकायचं? कारण फार जड मडने खडक फुटतो, मड भेगांत निघून जातं, विहिरीतली पातळी उतरते आणि वायूला वाट मिळते. म्हणून तराजूवर मड पुन्हा पुन्हा तोलत राहायचं.

हे वजन काढून घेतलं तर काय होतं? मेक्सिकोच्या आखातात, २० एप्रिल २०१०. डीपवॉटर होरायझन रिगवर मकोंडो विहिरीचं खोदकाम संपलं होतं. तळाशी सिमेंट भरलं होतं. विहीर तात्पुरती बंद करायची म्हणून वरच्या भागातलं जड मड काढून समुद्राचं पाणी भरत होते. मड पाण्याच्या जवळपास १.७ पट जड, समुद्राचं पाणी जेमतेम १.०३ पट. त्याआधी सिमेंट टिकतंय का, याची दाबाची चाचणी घेतली. पाइपावर शून्य दिसायला हवं होतं, तिथे १४०० पीएसआय दिसले. त्याचं भलतंच स्पष्टीकरण मान्य झालं आणि उरलेलं मड काढायला सुरुवात झाली. त्यात मड टाक्यांमधून इकडेतिकडे हलवलं जात होतं, त्यामुळे आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, याचा हिशेबच नीट लागेना. विहीर आतून वाहू लागलीय, हे कळेपर्यंत मड डेकवर उसळलं होतं. पाठोपाठ वायू आला आणि स्फोट झाला. शेवटचा उपाय म्हणून बसवलेला ब्लोआउट प्रिव्हेंटरही विहीर बंद करू शकला नाही. ११ जण गेले. ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिलं.

१९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबई हायमध्ये तेल शोधलं. आपल्या त्या समुद्रातही हाच नियम लागू आहे. कुणी या कामात यायचं म्हणत असेल, तर एवढं लक्षात ठेवा: जितकं मड आत, तितकंच बाहेर. शंभर गेले आणि एकशे पाच आले, तर ते पाच कुठून आले? आधी पंप थांबवा, विहीर वाहतेय का बघा, वाहत असेल तर बंद करा. चर्चा नंतर.

भेटूया पुढच्या भागात!