हेडली व्हेरिटी : क्रीडांगण आणि रणांगण

1 सप्टेंबर 1939. जर्मन सेना पोलंडमध्ये घुसल्याची वार्ता इंग्लंडभर पसरली होती. दक्षिण किनाऱ्यावरील होव्ह येथे यॉर्कशायर आणि ससेक्स ह्यांचा सामना मात्र अजून संपावयाचा होता. एका डावखुऱ्या गोलंदाजाने अवघ्या नऊ धावा देऊन सात गडी बाद केले आणि ससेक्सचा डाव 33 धावांत आटोपला. तो गोलंदाज म्हणजे हेडली व्हेरिटी. काउंटी सामन्यातील त्याची ही शेवटची गोलंदाजी ठरली.

व्हेरिटीचा जन्म 18 मे 1905 रोजी लीड्स येथे झाला. विल्फ्रेड ऱ्होड्स निवृत्त होईपर्यंत यॉर्कशायरला दुसऱ्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची गरजच नव्हती. त्यामुळे संघाचे दार उघडले तेव्हा, 1930 साली, त्याने पंचविशी गाठली होती. उशिराची भरपाई त्याने त्वरेने केली. 12 जुलै 1932 रोजी नॉटिंगहॅमशायरचा संघ उपाहाराला बिनबाद 38 होता. तो 67 धावांत गारद झाला. व्हेरिटीने दहा धावांत दहाही बळी घेतले होते. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील हा उच्चांक अद्याप अबाधित आहे. 1934 साली लॉर्ड्सवर त्याने ऑस्ट्रेलियाचे पंधरा गडी बाद केले. त्यांतील चौदा एकाच दिवसात. कसोटी सामन्यांत ब्रॅडमन आठ वेळा त्याचा बळी ठरला.

भारतीय प्रेक्षकांनीही त्याला पाहिले होते. जार्डिनच्या संघातून तो 1933-34 साली येथे आला आणि मद्रासच्या कसोटीत त्याने अकरा बळी मिळवले. चेंडू हातभर वळविण्याचा त्याला सोस नव्हता. अचूक टप्पा, वेगातील सूक्ष्म फरक आणि अढळ संयम, एवढ्यावर त्याची सारी भिस्त होती.

युद्धाची तयारीही त्याने अशाच अभ्यासू वृत्तीने केली. ग्रीन हॉवर्ड्स पलटणीत तो कॅप्टन झाला. जुलै 1943 मध्ये, सिसिलीतील कातानियाच्या मैदानावर, रात्रीच्या हल्ल्यात तो आपल्या तुकडीच्या अग्रभागी होता. पिकांनी पेट घेतला होता. त्या उजेडात माणसे शत्रूला स्पष्ट दिसत होती. त्याच्या छातीत गोळी लागली. तरीही आपल्या सैनिकांना त्याने पुढेच जाण्यास सांगितले. तो शत्रूच्या हाती सापडला आणि 31 जुलै रोजी इटलीतील कासेर्ता येथील रुग्णालयात निधन पावला. वय होते 38 वर्षांचे.

1954 साली ऑस्ट्रेलियाकडे निघालेला लेन हटन वाटेत कासेर्ताला थांबला आणि आपल्या जुन्या सोबत्याच्या समाधीपाशी उभा राहिला.

व्हेरिटीच्या नावावर 1956 बळी आहेत, प्रत्येकी पंधरा धावांहूनही कमी मोल देऊन घेतलेले. क्रीडांगणावर एक डाव हातचा गेला तर दुसरा मिळतो. रणांगणाला हा नियम ठाऊक नाही. हे पुरते जाणूनही तो शांतपणे पुढे गेला. आकड्यांच्या पलीकडे उरणारा व्हेरिटी तो हा.