डोकं आणि मडकं



रोममध्ये टायबर नदीजवळ मोन्ते तेस्ताच्चो नावाची एक टेकडी आहे, सुमारे 35 मीटर उंच. ती उभी राहिली आहे फुटक्या रांजणांवर. दोन हजार वर्षांपूर्वी रोमला ऑलिव्हचं तेल मातीच्या रांजणांतून यायचं, बरंचसं आजच्या दक्षिण स्पेनमधून. तेल मुरलेला रांजण पुन्हा कामी येत नसे. मग तो फोडायचा आणि खापरं इथे रचायची. अशा खापराला लॅटिनमध्ये 'तेस्ता' म्हणत. मडकं, वीट, शिंपल्याचं कवच, ही सगळी तेस्ताच.

आज इटलीत 'तेस्ता' म्हणजे डोकं! फ्रेंच 'तेत' त्याच शब्दाचं रूप, अर्थही डोकंच. रुमानियनमध्ये त्याचा वंशज कवटीसाठी वापरतात, आणि त्याच कुळातला दुसरा शब्द पाव भाजायच्या मातीच्या झाकणाला. पोर्तुगीजमध्ये मात्र 'तेस्ता' म्हणजे फक्त कपाळ.

आणि आपलं कपाळ तरी कुठून आलं? संस्कृतात 'कपाल' म्हणजे खापर, भिक्षेचं पात्र आणि कवटीसुद्धा. तेस्ता आणि कपाल यांचं आपसात काही नातं नाही, तरी अर्थ एकाच वाटेने चालत भुवयांच्या वर येऊन थांबला. 1510 पासून 1961 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल असलेल्या गोव्यात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रोमन लोक थट्टेने डोक्याला मडकं म्हणू लागले आणि थट्टाच रुळली, असं पुष्कळदा सांगतात. मला ते पुरतं पटत नाही. चौथ्या शतकातल्या ऑसोनियस या कवीने 'तेस्ता' शब्द वापरला आहे तो रस्त्यात बेवारस पडलेल्या माणसाच्या कवटीसाठी. उघडं, गुळगुळीत हाड खापरासारखं दिसतं. माझ्या मते शब्द आधी कवटीवर बसला, जिवंत माणसाच्या डोक्यावर नंतर.

डोक्याचा जुना लॅटिन शब्द 'कापुत'. फ्रेंचमध्ये त्याचा 'शेफ' झाला. पूर्वी त्याचा अर्थ डोकं होता, पुढे प्रमुख झाला, आणि हॉटेलच्या मुदपाकखान्यातला शेफ तिथलाच. रुमानियनमध्ये मात्र 'काप' अजून साधं डोकंच आहे.

लॅटिनमधून उसनं घेणाऱ्या शेजाऱ्यांकडेही हेच घडलं. जर्मन 'कोप्फ' म्हणजे डोकं, पण पूर्वी तो पेला होता, लॅटिन 'कुप्पा'वरून आलेला. डच 'कोप' तर आजही दोन्ही आहे, कॉफीचा कप आणि जनावराचं डोकं. माणसाच्या डोक्याला तिथे 'होफ्त' म्हणायचं, 'कोप' म्हटलं तर ते उर्मट वाटतं. त्या उर्मटपणात थट्टेचा अंश नक्की आहे, आणि डचांपुरतं थट्टेचं स्पष्टीकरण मी मान्य करतो.